सहा सुतांची पट्टी

"ओरिजनल आहे?"

जुलैचा दुसरा रविवार होता. जावा आणि येझदी या जुन्या मोटरसायकलींचे मालक या दिवशी जिथं असतील तिथं गाड्या बाहेर काढतात, तसे आम्हीही कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाला जमलो होतो. पाऊस असा, की छत्री उघडायला लाज वाटावी आणि न उघडावी तर चष्मा पुसून पुसून ओढणी भिजावी. वीस-पंचवीस गाड्या, त्यांतल्या निम्म्या चालूच ठेवलेल्या, आणि दमट हवेत वर न जाता गुडघ्याच्या उंचीवर रेंगाळणारा टू-टी ऑइलचा निळसर धूर. रेनकोट घातलेले एक गृहस्थ गाड्या बघत बघत माझ्या गाडीपाशी आले. लोक सहसा टाकीपाशी थांबतात, क्रोममध्ये आपलं तोंड बघतात, किक आणि गिअर एकाच दांड्यात कसे हे पोरांना समजावून सांगतात. हे गृहस्थ मात्र वाकले. सीटच्या खालच्या कडेला जी चकचकीत पट्टी आहे, तिच्यावर त्यांनी अंगठा टेकवला आणि पुढून मागे सावकाश फिरवत नेला. मागच्या गोलाईवर तो जरासा थांबला, मग पुढं गेला. वर बघून त्यांनी माझ्या भाच्याला विचारलं, "पट्टी ओरिजनल आहे?" भाच्यानं माझ्याकडं बोट केलं. "गाडी मावशीची आहे."

मी म्हटलं, "हो."

"वा! आता कुठं मिळतात अशा," म्हणत ते चहाच्या गाड्याकडं निघून गेले.

खोटं बोलायला मी काही त्या दिवशी शिकले नाही. बँकेत एकतीस वर्षं काउंटरला काढली, 'साहेब आत्ताच बाहेर गेले' हे मी झोपेतसुद्धा म्हणू शकेन. पण हा एवढासा 'हो' बडीशेप दातात अडकावी तसा अडकून बसला. पहिल्यांदा मी स्वतःची समजूत घातली, की वाद कशाला. अशा मेळाव्याला बायका येतात त्या बहुतेक मागच्या सीटवर बसून. मी गाडी स्टँडवरून काढायला लागले की चारजण मदतीला धावतात आणि किक दुसऱ्यांदा मारावी लागली की तेच चारजण एकमेकांकडं बघतात. तिथं 'नाही हो, ही इथंच उद्यमनगरात करून घेतली' म्हटलं असतं, तर त्यांचा चेहरा जरा पडला असता आणि तो मला त्या वेळी बघायचा नव्हता. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

गाडी अण्णांची. 1969 ची जावा, त्यांनी सेकंडहँड घेतलेली. माझं सगळं लहानपण तिच्या टाकीवर बसून गेलं; उन्हात टाकी तापली की खाली टॉवेलची घडी, आणि डोळ्यांसमोर लाल रंगावरची ती सोनेरी रेघ. मागं आई, एका बाजूला पाय सोडून. तेव्हा सीटला पट्टी होती. सीटचं कव्हर बदलताना गॅरेजमध्ये कुणीतरी तिच्या टोकाजवळचा स्क्रू मोडला आणि तेवढं टोक दोन बोटं सुटून बाहेर राहिलं. अण्णा रोज म्हणायचे, आज बसवतो. एका पौर्णिमेला आम्ही नरसोबाच्या वाडीला गेलो. घाटाच्या अलीकडं गाडी लावली, आई उतरली आणि 'चर्र' असा आवाज आला. डाळिंबी रंगाची इरकल, मामाच्या लग्नातली. निऱ्यांच्या बाजूनं वीतभर फाटली होती. आई काही बोलली नाही, फाटका भाग आत खोचून दर्शनाच्या रांगेत उभी राहिली. अण्णाही काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर नेहमीचा उसाचा रससुद्धा घेतला नाही. घरी आल्यावर अण्णांनी पाना घेतला, पट्टी ओढून काढली आणि पुढच्या भंगारवाल्याला देऊन टाकली. त्या साडीचा धडका तुकडा अजून आमच्या एका वाकळेत आहे, मधोमध.

नंतर बरीच वर्षं गाडी बिनपट्टीची चालली. तेवढ्यात सीटचा खालचा पत्रा मागून सडला, तो अण्णांनी कुठल्याशा वेल्डरकडून अर्धा नवीन जोडून घेतला. मग गाडी परसात गेली, ताडपत्रीखाली, आणि अण्णा गेल्यावर तर कुणी ताडपत्री उचलूनही बघितली नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर पहिला महिना मी कपाटं आवरली. दुसऱ्या महिन्यात गाडी बाहेर काढली.

इंजिन, वायरिंग, रंग यांच्या कथा सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. सगळं झाल्यावर गाडी अंगणात उभी केली आणि लांबून बघितली, तेव्हा सीट आणि खालचा रंगीत पत्रा यांच्यामध्ये एक काळी फट दिसायला लागली. काठ नसलेल्या साडीसारखं. एकदा दिसली म्हटल्यावर दुसरं काही दिसेना.

जावा मूळ चेक देशातली, तिथं आजही या जुन्या गाड्यांचे सुटे भाग नव्यानं करून विकणारे लोक आहेत. दिराचा मुलगा जर्मनीत असतो, त्यानं तिकडून पट्टी मागवली आणि डिसेंबरात येताना मोठ्या बॅगेत स्वेटरांच्या मधोमध घालून आणली. वस्तू सुरेख होती, त्यात खोट काढायला जागा नाही. पण सीटला लावली तर मागच्या गोलाईला टेकेना. गोलाई टेकवली तर डावं टोक अलीकडंच संपायचं. त्या वेल्डरनं जोडलेल्या पत्र्यानं आमची सीट जगातल्या बाकी सगळ्या सीटांपासून वेगळी करून ठेवली होती. शिवाय पट्टीची टोकं सरळ कापलेली होती. मी त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि मला उगीच तो 'चर्र' ऐकू आला.

म्हणून उद्यमनगर, आमची कारखान्यांची वसाहत. बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवला, तो याच गावात. ऑइल इंजिन उघडून बघून तसंच दुसरं करणारे म्हादबा मेस्त्री इथलेच. त्यामुळं 'मिळत नाही' या शब्दाचं आमच्याकडं कुणाला फारसं वाईट वाटत नाही. मला सांगितलेले मिस्त्री सत्तरीचे, दहा बाय बाराच्या गाळ्यात एक ऐरण, एक शेगडा, भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या कानशी, आणि कोपऱ्यात पोत्यानं झाकलेला लेथ. उभा जन्म ठोकण्यात गेल्यानं ऐकायला कमी येतं, त्यामुळं ते आणि मी दोघंही भांडल्यासारखे बोलायचो. मी ती आयात केलेली पट्टी नेली होती, मोबाइलवर फोटोही काढून नेले होते. त्यांनी मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही.

"ताई, फोटूला बसवायचीया काय पट्टी? सीट आणा की."

दुसऱ्या दिवशी सीट नेली. त्यांनी ती उलटी करून मांडीवर घेतली, खिशातून सुतळी काढली, मागच्या बरोबर मध्यावर अंगठ्यानं दाबून एक टोक डावीकडून पुढं नेलं, गाठ मारली. मग तीच सुतळी उजवीकडून. गाठ आणि टोक जुळलं नाही. "डावीकडं सूतभर जादा हाय." इंचाचा आठवा भाग. माझ्या डोळ्यांना ती सीट इतकी वर्षं सरळ दिसत होती. मग जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन त्यांनी दोन फर्मे कापले, एकावर 'डा' आणि एकावर 'उ' लिहिलं. आमचं सूत तिथंच जुळलं.

स्टेनलेस करूया का, मी विचारलं. ते म्हणाले, स्टेनलेस हातोडीला उलट उत्तर देतं. पितळ करून वर क्रोम मारता येईल, पण मग तांबं, निकेल, क्रोम असे थर चढवणाऱ्याच्या दारात खेटे घाला. अॅल्युमिनियमच बरं. दीड मिलिमीटरच्या पत्र्यातून दहा सूत रुंद पट्टी कापली. दोन्ही कडांची दोन-दोन सुतं आत वळवायची, की समोर सहा सूत उरतात. वळवलेल्या कडांच्या आतून चौकोनी डोक्याचे बारीक बोल्ट सरकवायचे, त्यांची शेपटं सीटच्या पत्र्यातून आत जातात, आतून नट. बाहेरून एक स्क्रू दिसत नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण थंड अॅल्युमिनियम ठोकत गेलं की ताठत जातं आणि शेवटी चिरतं, म्हणून मधून मधून तापवून मऊ करावं लागतं. आणि अडचण तिथं आहे. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. अॅल्युमिनियम 660 अंशाला वितळतं आणि उजेडात बघाल तर तोवर तस्संच पांढरं दिसतं, मग एकाएकी मान टाकतं. त्यावर उपाय म्हणजे साबण. मिस्त्रींनी कपड्याच्या साबणाची वडी कोरडीच पट्टीवर घासली, पांढरा पट्टा उमटला, आणि खालून गॅसची ज्योत फिरवायला लागले. साबण आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, मग काळा. काळा झाला की बास, ज्योत पुढं सरकवायची. गाळाभर जळक्या साबणाचा वास, बंबाशेजारी धुणं वाळत घातल्यासारखा. मी इतकी रंगून गेले की नेमकं त्याच वेळी त्यांना मोठ्यानं काहीतरी विचारलं. त्यांनी 'आँ?' म्हणून मान वळवली आणि पट्टी मधोमध भिजलेल्या पापडासारखी खाली लोंबली. दोन दिवसांचं काम. ते रागावले नाहीत. ज्योत बंद केली, तंबाखू मळली आणि म्हणाले, "पुढच्या येळंला तुमी भाईर बसा."

दुसऱ्या पट्टीच्या वेळी मी दाराबाहेर स्टुलावर बसले आणि तिथून बघत राहिले. बाभळीच्या ठोकळ्याला मागच्या गोलाईचा आकार दिला होता, पण सीटपेक्षा घट्ट. का, ते विचारायची आता मला भीती वाटत होती, त्यांनीच सांगितलं. "पत्र्याला आपलं जुनं ध्यानात असतंय. वाकवला की जरा माघारी येतोय. म्हनून जादा वाकवायचा." मागची गोलाई त्यामानानं लवकर झाली. खरा जीव काढला बाजूंनी. सीटची खालची कड बघायला सरळ वाटते, पण टाकीपाशी वर असते, मांडीखाली जरा उतरते आणि मागं पुन्हा चढते. पट्टी पोटावर वाकवणं सोपं, हे वाकणं तिच्या कुशीवरचं. त्यात एक कड ताणावी लागते आणि दुसरीला सुरकुत्या पडतात. मोगरीनं एकेक सुरकुती ते दाबत होते, पण दोन जागी आत वळवायची कड ऐकेना. तेव्हा त्यांनी कात्री घेतली आणि त्या कडेला बारीक बारीक काप दिले, शेजारी शेजारी, इंग्रजी व्हीसारखे. मला राहवलं नाही. "ब्लाउजच्या गळ्याला अस्सेच काप देतात, आतून." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "मग? शिंपी काय निराळं करतोय? त्याचं कापड, माझा पत्रा."

त्या बोलण्याच्या भरात मी त्यांना वाडीची गोष्ट सांगितली. इरकल, निऱ्या, रांगेत उभी राहिलेली आई. नुसतं आपलं सांगितलं. त्यांनी हूं-हूं केलं, ऐकू आलं का नाही कळलं नाही.

दोन दिवसांनी गेले तेव्हा पट्टी आकाराला आली होती आणि तिच्या अंगभर मोगरीचे, हातोडीचे मंद ठसे होते, पाण्यावर वारा आल्यासारखे. मला ते फार आवडले. म्हटलं, असेच राहू द्या की, हातानं केलेलं कळेल. हल्ली आपल्याला तांब्याचे लोटेसुद्धा ठोक्याचे लागतात, आणि ते ठोके बहुतेक वेळा मशीनवर पाडलेले असतात. मिस्त्रींना माझं म्हणणं समजलंच नाही. दोनदा समजावलं तेव्हा ते जरा दुखावल्यासारखे झाले. "हातानं केलीया आसं दिसाय लागलं, तर मग केली कशाला?" आणि कानस घेऊन ते ठसे घासायला लागले. कानशीनंतर वॉटर पेपर, दोनशेवीस, चारशे, आठशे, हजार. आपलाच हात आपल्याच हातानं पुसत होते.

बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर धरून चकाकी आणणं, मागच्या गल्लीत. तिथल्या पोराचं तोंड नाकापासून खाली फडक्यात गुंडाळलेलं आणि वरचा भाग लस्टरच्या काजळीनं असा काळा, की डोळेच तेवढे माणसाचे. लांब बारीक पट्टी बफला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. चाकानं एकदा टोक पकडलं की पट्टी हिसकून घेऊन तीच आपल्या अंगावर फेकतं. त्यानं ती लाकडाच्या फळीवर बांधली, फळी पोटाशी धरली आणि नुसत्या मनगटानं तोलत राहिला. आत गेली तेव्हा राखेच्या रंगाची होती. बाहेर आली तेव्हा तिच्यात गल्ली दिसत होती, समोरचा टेम्पो, दुपारचं ऊन, ओढणी डोक्यावरून घेतलेली मी.

मजुरी त्यांनी अठराशे सांगितली. मी जास्त द्यायला गेले तर म्हणाले, वितळलेल्या पट्टीचे पैसे तुमच्याकडून घेतलेत आधीच. बसवताना पट्टी आणि लोखंडी पत्रा यांच्यामध्ये जुन्या सायकल ट्यूबचे कापलेले गोल वायसर घातले. नाहीतर कोल्हापूरच्या दोन पावसांत अॅल्युमिनियमला पांढरी भुकटी फुटते.

आता त्या 'हो'कडं येते. आमच्या या जुन्या गाड्यांच्या लोकांना ओरिजनल या शब्दाचा एक आजार आहे. नटाच्या डोक्यावरचा शिक्का बघायला भिंग घेऊन येणारे मी पाहिलेत. मला त्यांची टिंगल करायची नाही, त्यांच्यामुळंच या गाड्या भंगारात गेल्या नाहीत. पण जावा हे नावच मुळी दोन नावांना जोड मारून केलेलं. जानेचेकचा 'जा' आणि वाँडररचा 'वा'. 1929 मध्ये चेक जानेचेकनं जर्मन वाँडररची मोटरसायकल विकत घेतली, तिथून सुरुवात. पुढं तीच गाडी म्हैसूरला बनायला लागली, येझदी झाली, आणि 1996 ला तो कारखानाही बंद पडला. म्हणजे ओरिजनलच्या मागं लागायचं तर कुठल्या स्टेशनवर उतरायचं हेच ठरवावं लागेल. हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगू शकले असते. त्याऐवजी एका अक्षरात मिस्त्रींना गाडीवरून उतरवलं. आणि गंमत अशी, की मिस्त्रींना हेच हवं होतं.

म्हणून त्या आठवड्यात मुद्दाम उद्यमनगरात गेले. म्हटलं, बातमी देऊ, म्हातारा खूश होईल. ओरडून ओरडून सगळं सांगितलं. जाणकार माणूस होता, अंगठा फिरवून बघितलं, ओरिजनल का म्हणून विचारलं. मिस्त्री ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं.

"अंगठा कुठं थांबला व्हय त्येचा?"

मी आठवून बघितलं. "मागच्या गोलाईवर. जरासाच."

"थांबला?"

"जरासाच हो."

त्यांचं तोंड उतरलं. त्या जागी एक बारीक उंचवटा राहिलाय, त्यांना ठाऊक होता, बफिंगमध्ये बसेल असं वाटलं होतं. 'ओरिजनल' राहिलं बाजूला. "काढून आणा ताई ती. उद्याच्या उद्या आणा."

संध्याकाळी अंगणात गाडी स्टँडवर लावून, सीट खोलून मी नट सोडवत बसले. आई अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे धरत धरत बाहेर आली आणि पायरीवर टेकली. गाडी नीट करायला घेतल्यापासून तिनं तिच्याकडं फारसं बघितलं नव्हतं. लाल रंग चढला तेव्हा 'अण्णांना गडद आवडायचा' एवढंच म्हणाली होती. मी पट्टी सोडवून तिच्याजवळ ठेवली आणि हसत हसत रविवारची हकिगत सांगितली, एकजण ओरिजनल समजला म्हणून.

"ओरिजनल कसली? ओरिजनलनं माझी इरकल फाडलीया."

मग तिनं पट्टी उचलली. चकाकी बघितली नाही, गोलाईही नाही. थेट टोक धरलं. ते मी बसवून आणल्या दिवशीच पाहिलं होतं आणि मिस्त्रींना त्याबद्दल एक शब्दही विचारला नव्हता: दोन्ही टोकं अर्धा सूत आत दुमडून, वर कानस फिरवून, पदराच्या कडेला टीप घालावी तशी बंद केलेली. आईनं त्यावरून बोट नेलं. मग लुगड्याचा पदर पुढं घेतला, त्याची कड टोकावर टेकवली आणि खालवर दोनदा ओढून बघितली. पदर कुठं अडला नाही. तिनं दुसरं टोक फिरवून घेतलं आणि तिथंही तसंच केलं.

"कशाला परत नेतीस?"

म्हटलं, मागं गोलाईला जरा उंच राहिलंय म्हणतात, पुन्हा घासणार.

"गोलाईचं काय ते करू दे," पट्टी माझ्या हातात देत ती म्हणाली, "टोकांना हात लावू नको म्हणावं."